हस्तस्वच्छता, परिचर्येतील

रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व स्पर्श केल्यानंतर परिचारिकेने (तसेच वैद्य, सुईण व इतर सेवकांनी) आपले हात साबण-पाण्याने अथवा जंतुनाशक द्रवाने स्वच्छ करणे, यास परिचर्येतील हस्तस्वच्छता असे म्हणतात. रुग्ण ज्या रोगासाठी रुग्णालयात येतो त्याहून निराळे संक्रामण त्यास तेथेच जडल्यास ते रुग्णालयजन्य संक्रामण होय. शस्त्रक्रियेच्या जखमेत पू होणे, नळी घातलेल्या मूत्रमार्गाचा दाह, फुप्फुसदाह, रक्तात जंतू शिरणे आणि बाळंतिणीचा सूतिकाज्वर ही त्याची नेहमीची रूपे आहेत. अशा संक्रामणांचे जंतू बऱ्याच अंशी सेवा करणाऱ्यांच्या हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून संक्रामण-नियंत्रणात हस्तस्वच्छतेस पहिले स्थान दिले जाते. उपाय इतका साधा असूनही तो वैद्यकास मान्य होण्यास दीर्घ काळ लागला आणि मान्य झाल्यानंतर तो नित्य पाळला जाण्यास त्याहूनही अधिक काळ लागला. या दुसऱ्या विलंबाचा इतिहास हा मुख्यतः परिचारिकांच्या कामाचा इतिहास आहे.

हातावरील सूक्ष्मजंतू दोन प्रकारचे असतात, हे अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद फिलिप प्राइस यांनी १९३८ मध्ये प्रयोगांनी दाखविले. काही जंतू त्वचेच्या खोल थरांत कायमचे वस्तीस असतात. ते धुऊन जात नाहीत आणि निरोगी माणसास सहसा अपायही करीत नाहीत. दुसरे जंतू रुग्ण, त्याचे अंथरूण, मलमपट्टी किंवा शौचपात्र यांच्या स्पर्शाने हातावर तात्पुरते येतात. रुग्णालयजन्य संक्रामणे पसरविणारे जंतू प्रायः या दुसऱ्या प्रकारचे असतात व ते साध्या साबणाने चांगले चोळून धुतल्यास बव्हंशी निघून जातात. शस्त्रक्रियेपूर्वीचे दीर्घ हस्तप्रक्षालन व दालनातील दोन रुग्णांमधले अल्पकाळाचे हात धुणे यांत जो भेद केला जातो त्याचा आधार हाच आहे. पहिल्यात वस्तीस असलेल्या जंतूंची संख्याही शक्य तितकी कमी करावयाची असते, तर दुसऱ्यात केवळ पाहुणे घालवावयाचे असतात.

हात धुण्याची चाल अर्थातच वैद्यकाहून फार जुनी आहे. बहुतेक सर्व धर्मांत ती आढळते. परंतु धार्मिक शुद्धी व रुग्णसेवेतील शुद्धी यांची दिशा परस्परविरुद्ध आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. धार्मिक आचारात माणूस स्वतःस लागलेला विटाळ दूर करतो. म्हणून तो स्पर्शानंतर हात धुतो. महाराष्ट्रात जननाशौच म्हणजे सुवेर पाळणाऱ्या घरांत बाळंतिणीस शिवलेली स्त्री नंतर स्नान करी. शिवण्यापूर्वी तिने हात धुवावेत, असा आग्रह मात्र त्या आचारात नव्हता. रुग्णसेवेत हात धुवावयाचे ते प्रथम दुसऱ्याच्या रक्षणासाठी. आधुनिक रुग्णालयांतील निरीक्षणांतही रुग्णास शिवल्यानंतर हात धुण्याचे प्रमाण शिवण्यापूर्वी हात धुण्यापेक्षा अधिक आढळते, यावरून ही जुनी दिशा मनात किती खोल रुजलेली आहे याची कल्पना येते.

सूतिकाज्वर व हात : स्पर्शाने रोग वाहून नेला जातो ही कल्पना प्रथम सूतिकाज्वराच्या संदर्भात स्पष्ट झाली. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील वैद्य अलेक्झांडर गॉर्डन (१७५२–९९) यांनी १७९५ साली तेथील सूतिकाज्वराच्या साथीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रोगी स्त्रियांच्या यादीपुढे त्या त्या प्रसूतीस उपस्थित असलेल्या सुईणीचे वा वैद्याचे नाव दिलेले होते. रोग विशिष्ट सुईणींच्या मागोमाग फिरतो हे त्या यादीवरून उघड दिसत होते. काही स्त्रियांना आपणही रोग दिला, असे गॉर्डन यांनी त्यात नमूद केले होते. गावाने त्यांचा सन्मान केला नाही. त्यांना अ‍ॅबर्डीन सोडावे लागले. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८०९–९४) यांनी १८४३ मध्ये बॉस्टन येथे हेच मत निबंधरूपाने मांडले. फिलाडेल्फियाचे प्रसूतितज्ञ चार्ल्स मेग्ज यांनी त्याची खिल्ली उडविली. वैद्य हे सभ्य गृहस्थ असल्याने त्यांचे हात अस्वच्छ असूच शकत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रोगवाहक म्हणून सुईणीचे नाव घेणे त्या काळी कोणास खटकत नसे, मात्र वैद्याचे नाव घेणे खटकत असे.

व्हिएन्नातील सूतिकागार : या प्रश्नाचा आकड्यांनी निकाल लावण्याचे श्रेय हंगेरियन वैद्य इग्नाट्स फिलिप सेमेलव्हाइस (१८१८–६५) यांना दिले जाते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० नंतर पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी व दुसऱ्यात सुइणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया शिकत. इमारत, अन्न, हवा व येणाऱ्या स्त्रियांचा आर्थिक थर या बाबतींत दोहोंत फारसा फरक नव्हता; प्रवेशही आळीपाळीने एकेका दिवशी दिला जाई. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमध्ये ४५९ माता, म्हणजे शंभरात अकराहून अधिक, दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमध्ये १०५, म्हणजे शंभरात तिनाहूनही कमी.

हा फरक वैद्यांच्या चर्चेत येण्याआधीच शहरातील गरीब स्त्रियांना ठाऊक होता. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळल्यावर त्या गुडघे टेकून, आपल्याला तेथे घालू नका, अशी विनवणी करीत. काही स्त्रिया रुग्णालयाच्या वाटेवरच प्रसूत होत व नंतर मुलासह दाखल होत. रस्त्यावर प्रसूत झालेल्या या स्त्रियांमध्ये सूतिकाज्वराचे प्रमाण पहिल्या विभागात प्रसूत झालेल्यांपेक्षा कमी होते. १८४६ मध्ये पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून नेमणूक झालेल्या सेमेलव्हाइस यांनी प्रचलित कारणे एकेक करून तपासली. हवेतील दोष, गर्दी, प्रसूतीच्या वेळची कूस, मरणासन्न स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटेची भीती यांपैकी कशानेही दोन विभागांतील फरकाचा उलगडा होत नव्हता.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेच्का हे शवपरीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने बोटास झालेल्या जखमेमुळे मरण पावले. त्यांच्या शवाची परीक्षा केली असता आढळलेले विकार सूतिकाज्वराने मृत झालेल्या स्त्रियांच्या देहांत आढळणाऱ्या विकारांसारखेच होते. पहिल्या विभागातील वैद्य व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात येत. सुइणींना शवविच्छेदन शिकविले जात नसे. उलगडा यातच होता. हात साबणाने धुऊनही शवागारातील दुर्गंध त्यांवर राहतो, तेव्हा शवातील कणही राहत असले पाहिजेत, असे अनुमान काढून सेमेलव्हाइस यांनी मे १८४७ च्या मध्यास दाराशी क्लोरीनयुक्त द्रव ठेवविला व त्यात हात धुतल्याविना आत जाण्यास मनाई केली. हा द्रव महाग पडू लागल्याने पुढे विरंजक चूर्णाचा विद्राव वापरण्यात आला. एप्रिलमध्ये शंभरात अठरांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सु. दोनांवर उतरले. १८४८ या संपूर्ण वर्षात ते पहिल्या विभागात १·२७ टक्के व दुसऱ्यात १·३३ टक्के होते.

या कथेचा उत्तरार्ध परिचर्येच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे; पण तो क्वचितच सांगितला जातो. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा स्रावयुक्त कर्करोग झालेली एक स्त्री विभागात दाखल झाली. वैद्य आत येताना क्लोरीनने हात धूत. परंतु एका स्त्रीकडून दुसरीकडे जाताना केवळ साबण वापरीत. तिच्यानंतर तपासल्या गेलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. रोगकारक द्रव्य केवळ शवातून नव्हे, तर जिवंत रुग्णाकडूनही येते, हे यावरून दिसून आले. त्यानंतर प्रत्येक तपासणीमागे हात निर्जंतुक करण्याचा नियम झाला. दाराशी एकदा हात धुणे व प्रत्येक रुग्णामागे हात धुणे यांतील अंतर येथे प्रथम स्पष्ट झाले. पहिला नियम पाळणे सोपे आहे. दुसरा पाळावयाचा तर सेवकाच्या कामाची सर्व रचनाच बदलावी लागते.

सेमेलव्हाइस यांना १८५० मध्ये व्हिएन्ना सोडावे लागले. पेस्ट येथील सेंट रोकुस रुग्णालयात व नंतर तेथील विद्यापीठाच्या सूतिकागारात त्यांनी हीच पद्धत चालविली. हात स्वच्छ असूनही न धुतलेल्या चादरींमुळे रोग उद्भवतो, हे त्यांना पेस्टमध्ये आढळले व स्वच्छ चादरींसाठी त्यांना अधिकाऱ्यांशी भांडावे लागले. त्यांचा ग्रंथ १८६१ साली निघाला. आपले म्हणणे लिहून काढण्यास त्यांनी चौदा वर्षे लावली आणि लिहिले ते विरोधकांवर आगपाखड करीत. मताचा प्रसार मंदावण्यास विरोधकांच्या अहंकाराइतकेच हेही कारण झाले. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात जखम दूषित होऊन त्यांचा मृत्यू झाला. लूई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर साखळीच्या आकाराच्या जंतूंचे चित्र काढून सूतिकाज्वराचे कारण दाखविले. वैद्य व परिचारक हेच हा जंतू आजारी स्त्रीकडून निरोगी स्त्रीकडे नेतात, असे त्यांनी सांगितले. हे जंतू म्हणजे मालागोलाणू होत.

परिचर्येचे शिक्षण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) या नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील मृत्यूंचे प्रमाण प्रामुख्याने मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे व पाणीपुरवठा सुधारल्यानंतर उतरले. या अनुभवातून त्यांनी परिचर्येची जी कल्पना तयार केली तीत स्वच्छ हवा, प्रकाश, धुतलेले अंथरूण व धुतलेले हात हे सेवेचे अंगच मानलेले होते. परिचर्येवरील त्यांच्या १८५९ सालच्या पुस्तकात परिचारिकेने दिवसातून पुनःपुन्हा हात धुवावेत, असे सांगितले आहे. त्यामागे जंतूंचा सिद्धांत नव्हता. अस्वच्छता व दूषित हवा यांनी रोग होतो, असे त्या मानीत. कारण चुकीचे असूनही आचार बरोबर होता.

नाइटिंगेल निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिदालन चालविले जात होते. सूतिकाज्वराने होणाऱ्या मृत्यूंमुळे ते १८६७ मध्ये बंद करावे लागले. नाइटिंगेल यांनी हे अपयश झाकले नाही. निरनिराळ्या सूतिकागृहांतील मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले आणि घरी होणाऱ्या प्रसूतीपेक्षा संस्थेतील प्रसूती अधिक घातक ठरत आहे, हे त्यात दाखविले.

जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८६७ मध्ये पूतिरोधक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केल्यावर हात कार्बॉलिक अम्लाच्या विद्रावात बुडविणे रूढ झाले. पुढे मर्क्युरिक क्लोराइडाचा विद्राव वापरात आला. हे दोन्ही विद्राव जंतूंबरोबर कातडीही जाळीत. शस्त्रक्रियेची तयारी करणाऱ्या परिचारिकेचे हात दिवसभर त्यांत भिजत. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्टन यांच्या हातांस यामुळे तीव्र त्वचादाह झाला. तेथील शस्त्रक्रियाविशारद विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये हॉल्स्टेड व हॅम्टन विवाहबद्ध झाले. रुग्णाच्या जखमेचे रक्षण हा या मोज्यांचा मूळ हेतू नव्हता. तो परिचारिकेच्या कातडीचा होता. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी ते नियमाने घातल्यास जखमा कमी दूषित होतात, हे हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी पुढे १८९९ मध्ये दाखवून दिले. कातडीचा हा प्रश्न दुय्यम समजला जातो, पण तसा तो नाही. भेगाळलेल्या हातांवर जंतू अधिक राहतात, शिवाय आग होणारे हात धुण्यास कोणीही नाखूषच असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तस्वच्छता परिचर्येच्या शिस्तीचा भाग झाली. नखे कापलेली असावीत, अंगठी नसावी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असाव्यात, हे नियम शिकाऊ परिचारिकेस पहिल्या दिवसापासून लागू होत आणि ते मोडल्यास मेट्रनचा रोष ओढवे. नियमांचे ओझे असे बव्हंशी एकाच वर्गावर पडले. त्याच दालनात फेरी घालणाऱ्या वैद्याच्या हातांची तपासणी करण्याचा अधिकार परिचारिकेस नव्हता.

प्रतिजैव औषधांनंतर : १९४० नंतर पेनिसिलीन व इतर प्रतिजैव औषधे मिळू लागली, तेव्हा जंतूंची भीती ओसरली व तिच्याबरोबर जुनी शिस्तही सैल झाली. पेनिसिलिनास दाद न देणारे पुंजगोलाणू १९५० नंतरच्या दशकात अनेक देशांतील रुग्णालयांत, विशेषतः नवजात अर्भकांच्या दालनांत, पसरले. त्या काळी इंग्लंडमधील टॉर्की येथील रुग्णालयात १९५९ मध्ये कुमारी ई. एम. कॉट्रेल यांची केवळ संक्रामण-नियंत्रणासाठी परिचारिका म्हणून नेमणूक झाली. दालनादालनांत फिरून कोणत्या रुग्णास व कोणत्या सेवकास पू झाला आहे याची नोंद ठेवणे आणि तो कोठून आला याचा माग काढणे हे त्यांचे काम होते. संक्रामण-नियंत्रण परिचारिका हे स्वतंत्र पद येथून सुरू झाले असे मानतात. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात केलेल्या व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत, दर २५० खाटांमागे एक अशी परिचारिका, नियमित देखरेख व प्रशिक्षित वैद्य असलेल्या रुग्णालयांत सु. एक तृतीयांश रुग्णालयजन्य संक्रामणे टाळता येतात, असे आढळले.

जंतू हातांनीच जातात की हवेने, हा वाद त्याच काळात अमेरिकेतील एका अर्भकदालनातील प्रयोगाने बराचसा मिटला. एडवर्ड मॉर्टिमर व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात तो केला. पुंजगोलाणू असलेल्या अर्भकास हाताळल्यानंतर काही परिचारिकांनी हात न धुता इतर अर्भके हाताळली, तर काहींनी जंतुनाशकाने धुऊन हाताळली. पहिल्या गटातील अर्भकांवर जंतू अधिक प्रमाणात व अधिक लवकर आले. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. त्यात वापरलेले हेक्झॅक्लोरोफीन हे जंतुनाशकही पुढे अर्भकांच्या मज्जासंस्थेस घातक ठरले व १९७२ नंतर त्याच्या वापरावर निर्बंध आले.

वेळेचा हिशेब : हात धुतले जात नाहीत याचे खापर दीर्घकाळ परिचारिकांच्या निष्काळजीपणावर फोडले जाई आणि उपाय म्हणून व्याख्याने व सूचनाफलक योजले जात. त्यांचा परिणाम काही आठवड्यांत विरून जाई. या समजुतीस स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा विद्यापीठ रुग्णालयातील निरीक्षणांनी धक्का दिला. दिद्ये पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हात स्वच्छ करावयास हवे असे २,८३४ प्रसंग नोंदविलेले होते. त्यांपैकी ४८ टक्के प्रसंगी ते केले गेले. परिचारिकांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते व वैद्यांमध्ये ३० टक्के. याहून महत्त्वाची बाब अशी की, तासाभरात असे प्रसंग जितके जास्त तितके हात धुण्याचे प्रमाण कमी आढळले. अतिदक्षता विभागात, म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथे, ते सर्वांत कमी (३६ टक्के) होते.

याचे कारण साध्या गणितात आहे. तासात वीस वेळा हात धुण्याचा प्रसंग आला आणि नळापर्यंत जाणे, धुणे, पुसणे व परतणे यांस प्रत्येक वेळी एक मिनिट लागले, तर तासातील वीस मिनिटे हात धुण्यातच जातील. आंद्रेआस फॉस व आंद्रेआस विडमर यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार बारा सेवकांच्या अतिदक्षता विभागात नियम शंभर टक्के पाळावयाचा तर एका दिवसपाळीत सर्वांचे मिळून सोळा तास नळापाशी खर्च होतील. तेच खाटेशी ठेवलेल्या अल्कोहॉली द्रवाने तीन तासांत भागेल. नियम पाळणे अशक्य करून ठेवायचे आणि तो मोडणाऱ्यास दोष द्यायचा, असा हा प्रकार होता.

जिनीव्हात द्रवाच्या बाटल्या प्रत्येक खाटेस व परिचारिकेच्या खिशात आल्या. त्यासाठीचे मिश्रण तेथील औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांनी सिद्ध केलेले होते. मध्य यूरोपातील काही देशांत अल्कोहॉलाने हात चोळण्याची पद्धत त्याआधी काही दशके रूढ होतीच. १९९४ ते १९९७ या काळात जिनीव्हात हस्तस्वच्छतेचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयजन्य संक्रामणांचे प्रमाण १६·९ टक्के होते, ते ९·९ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या विषयावर जागतिक मोहीम सुरू केली व २००९ मध्ये सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संबंध आल्यानंतर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर व त्याच्या भोवतीच्या वस्तूंस स्पर्श केल्यानंतर, अशा पाच वेळा तीत ठरवून दिलेल्या आहेत. द्रवाने हात चोळण्यास २० ते ३० सेकंद, तर साबणाने धुण्याच्या संपूर्ण क्रियेस ४० ते ६० सेकंद लागतात. मार्गदर्शिकेतील एका मिश्रणात एथिल अल्कोहॉल ८० टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०·१२५ टक्के व ग्लिसरीन १·४५ टक्के असते. यांतील ग्लिसरीन जंतूंसाठी नसून सेवकांच्या कातडीसाठी आहे.

भारत : भारतात हा प्रश्न प्रथम सुइणीच्या हातांच्या संदर्भात पुढे आला. लेडी डफरिन निधी १८८५ मध्ये स्थापन झाला व मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. परंतु बहुसंख्य प्रसूती घरीच होत. सुइणींना शिक्षण देण्यासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारण्यात आला. स्वातंत्र्यानंतरच्या प्रशिक्षणांत ‘पाच स्वच्छता’ शिकविल्या जाऊ लागल्या. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व स्वच्छ नाळ या त्या होत. साबण, पाते, दोरा व प्लॅस्टिकचा तुकडा असलेली एकवार वापराची पुडी सुईण व परिचारिका-प्रसाविका यांना देण्यात येई. या शिक्षणाबरोबरच गर्भवतींना धनुर्वाताची लस व संस्थांतील प्रसूती यांचा प्रसार झाल्याने माता व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले.

संस्थांतील प्रसूती वाढल्याने सुइणीच्या हातांवरील जबाबदारी रुग्णालयातील परिचारिकेकडे आली, आणि परिचारिका पुरेशा नव्हत्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सु. ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. भारतीय परिचर्या परिषदेच्या (१९४७ च्या कायद्यान्वये स्थापना) मानकाप्रमाणे शिक्षणसंलग्न रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. सार्वजनिक रुग्णालयांच्या दालनांत, विशेषतः रात्रपाळीस, हे मानक सहसा पाळले जात नाही. खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या घातलेल्या दालनात एका परिचारिकेकडे वीस-तीस रुग्ण असतील, तर पाच वेळांचा नियम भिंतीवरील तक्त्यातच राहतो.

साधनांचाही दोष असे. दालनाच्या टोकाला एकच नळ, त्यापाशी भिजलेली साबणाची वडी, खिळ्यास टांगलेला सर्वांचा एकच टॉवेल आणि टेबलावर जंतुनाशक ‘लोशन’ने भरलेले पसरट भांडे, हे दृश्य अनेक रुग्णालयांत दीर्घकाळ नित्याचे होते. त्या भांड्यात प्रत्येकाने हात बुडवावेत व त्याच टॉवेलास पुसावेत, अशी वहिवाट असे. अशा शिळ्या विद्रावात काही जंतू जगतात व वाढतातही. त्यामुळे हात धुतल्याचे समाधान मिळे, पण हात स्वच्छ होत नसत. वाहते पाणी, द्रवरूप साबण व एकवार वापराचा कागद यांचा आग्रह त्यामुळेच धरला जातो. अंगठी व बांगड्यांखाली जंतू टिकून राहतात, म्हणून त्या कामावर येताना उतरवाव्यात असा नियम आहे. काचेच्या बांगड्या सौभाग्याचे लक्षण मानणाऱ्या समाजात तो परिचारिकांना पटविताना सौम्यपणाच कामी येतो. सार्वजनिक रुग्णालयांतील स्वच्छतेच्या मूल्यमापनाची ‘कायाकल्प’ योजना केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केली. संक्रामण-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शिका जानेवारी २०२० मध्ये निघाली.

त्यानंतर दोनच महिन्यांत कोविड-१९ च्या साथीमुळे हातास चोळण्याच्या द्रवाचा देशभर तुटवडा पडला. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने त्याचा समावेश जून-अखेरपर्यंत अत्यावश्यक वस्तूंत केला व २०० मिलिलिटर बाटलीची किंमत १०० रुपयांवर जाऊ नये असे बंधन घातले. आसवन्यांना व साखर कारखान्यांना तो बनविण्याचे परवाने देण्यात आले. महाराष्ट्रातील कारखान्यांनीही उसाच्या मळीपासून मिळणारे अल्कोहॉल त्यासाठी वापरले. हातमोज्यांचा वापरही अतोनात वाढला. एकाच जोडीने अनेक रुग्ण हाताळण्याची सवय मात्र त्याबरोबर आली. मोजा घातल्याने रोगी सुरक्षित राहतो हा समज चुकीचा आहे. न बदललेला मोजा हा न धुतलेल्या हातासारखाच असतो, आणि तो काढल्यावरही हात स्वच्छ करावे लागतात.

अल्कोहॉली द्रवाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अतिसार घडविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियॉइडीस डिफिसिल या जंतूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. रक्त, मल वा इतर स्राव लागलेल्या हातांवर तो नीट परिणाम करीत नाही. तेथे साबण व वाहते पाणीच लागते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०१९ च्या संयुक्त अहवालानुसार जगातील चारांपैकी एका आरोग्यकेंद्रात पाण्याची किमान सोयही नव्हती. अशा केंद्रांत प्रसूतिकक्षही असतात, आणि तेथे परिचारिकेचे हात रक्ताने भरलेले असतात.